पुण्याहून ताडोबा, लोणारमार्गे: मुलं आणि आजी-आजोबांसह पहिल्यांदा गाडीने निघताना

ताडोबाला जायचं ठरलं की बऱ्याच घरांत एकच बेत शिजतो: रात्री जेवून निघायचं, रात्रभर गाडी हाणायची आणि सकाळी अर्धवट झोपेत सफारीच्या गेटवर उभं राहायचं. असं करू नका. पुण्यापासून ताडोबापर्यंत या लेखातल्या मार्गाने साधारण साडेसातशे किलोमीटर होतात आणि वाटेत मोर, उल्केच्या आघाताने झालेलं सरोवर आणि माळरानांचा सगळा पट्टा लागतो. हे सगळं अंधारात मागे टाकून फक्त वाघापाशी पोहोचण्यात काय हशील? मुलं सोबत असतील तर ही सहल वाटेची करा. वाघ दिसला तर आनंदच आहे, पण त्याच्यावर सात दिवसांची सुट्टी पैजेला लावू नका.

पुढचं सगळं लहान मुलं आणि ज्येष्ठ मंडळी सोबत आहेत असं धरून लिहिलं आहे. चार तरुण मित्र निघणार असतील तर त्यांना यातलं निम्मं लागणार नाही.

आधी सफारी, मग सुट्टीचा अर्ज

नवखे लोक आधी रजा टाकतात, हॉटेल ठरवतात आणि शेवटी सफारीकडे वळतात. क्रम नेमका उलटा हवा. सफारीची जागा मिळाली की तीच तारीख खुंटीला बांधायची आणि तिच्या मागेपुढे प्रवास आखायचा. बुकिंग व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या जागा काही महिने आधीच संपतात. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, त्यामुळे बुधवार-गुरुवार जमवता आला तर पैसेही वाचतात आणि गर्दीही कमी लागते. मंगळवारी कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, कोअरमध्ये पर्यटन नसतं.

बुकिंग करताना दोन गोष्टी नीट बघा. पहिली, नावं. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच भरा आणि तेच मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, कारण गेटवर ते तपासतात. आजोबांचं आधार कार्ड घरच्या कपाटात राहिलं तर गेटवरचा माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: गेट कोणतं?

ताडोबाला एकच दरवाजा आहे असं समजून लोक कुठलं तरी हॉटेल घेतात आणि मग फसतात. मोहर्ली आणि खुटवंडा ही गेटं चंद्रपूर-भद्रावतीच्या बाजूला, तर कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला. जंगल मध्ये असल्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बाहेरून वळसा घालून जावं लागतं. पहाटे साडेचारला उठलेल्या मुलांना घेऊन असा दीड-दोन तासांचा वळसा घालायची वेळ येऊ देऊ नका. आधी गेट ठरवा आणि मग त्याच गेटजवळची राहण्याची जागा शोधा. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी मोहर्ली सुचवेन: राहण्याचे पर्याय भरपूर, रस्ता सरळ आणि शेजारीच इरई धरणाचं पाणी.

कोअरची जागा मिळाली नाही म्हणून बेत रद्द करू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना अशा बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याच्या, गेटांतूनही सफारी होते. वाघाला कोअर आणि बफरची हद्द ठाऊक नसते.

किती दिवस, कोणता महिना

सात दिवस हाताशी ठेवा: जायला तीन, जंगलात दोन, परतायला दोन. चारच दिवस असतील तर ताडोबा सोडा आणि लोणारपर्यंतच जाऊन निवांत परत या. चार दिवसांत ताडोबा उरकणारे लोक सुट्टीहून घरी येतात ते दमूनच.

वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत जास्त असते. पानगळ झालेली असते, पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यापाशी प्राणी येऊन बसतात. पण तेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि सफारीची जिप्सी गाडी उघडी असते. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले आजोबा सोबत असतील, तर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हाच काळ घ्या. हिवाळ्यात जंगल दाट असल्याने प्राणी थोडे कमी दिसतात, पण पक्षी भरपूर असतात आणि माणसं आजारी पडत नाहीत.

गाडीची तयारी

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक, वायपर हे निघण्याच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये बघून घ्या. आदल्या दिवशी नको, कारण काही निघालं तर पार्ट मिळायला वेळ लागतो. मी सर्वांत जास्त जोर देतो तो टायरवर. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास एका वेगाने गाडी धावते आणि टायर तापतात. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, त्यातले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचे टायर असतील तर जाणकाराला दाखवल्याशिवाय निघू नका, नक्षी शाबूत दिसली तरी. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. पाच माणसं आणि भरलेली डिकी असताना किती हवा हवी, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. स्टेपनीचीही मोजा. ती नेमकी विसरली जाते.

फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे ठेवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2025 मध्ये आलेला 3000 रुपयांचा वार्षिक पास तुमच्याकडे असेल, तर तो समृद्धीवर चालत नाही हे लक्षात घ्या. तो रस्ता राज्याचा आहे आणि टोल वेगळा कापला जातो.

डिकीत मोठ्या बॅगा खाली आणि रोज लागणारी एक छोटी पिशवी सगळ्यांत वर. तिच्यात टॉवेल, मुलांचा एकेक कपडा, औषधं, उलटीसाठी कागदी पिशव्या, आल्याच्या वड्या किंवा लिमलेटच्या गोळ्या. खाण्यात धपाटे आणि दशम्या दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. चिवड्याचा डबा मागच्या सीटवरच्यांच्या हाती देऊ नका. जालना येईपर्यंत उरणार नाही.

पहिला दिवस: मोर, मग संभाजीनगर

पहाटे पाच-सव्वापाचला निघा. शिक्रापूरच्या पुढे नगर रस्ता सोडून आत गेलं की मोराची चिंचोली लागते, पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी शेतांत उतरतात, ऊन चढलं की चिंचेच्या झाडांच्या सावलीला जातात. त्यामुळे नऊनंतर पोहोचलात तर फक्त केकारव ऐकायला मिळेल. गाडी गावाबाहेर थांबवा, पायी चाला, मुलांना मोरामागे धावू देऊ नका. पिसारा फुलवलेला मोर बघायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर यावं लागतं. हिवाळ्यात पिसं झडलेली असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

याच पट्ट्यात निघोजची रांजणखळग्यांची जागा आहे. शिरूरहून आत वळलं की पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टमध्ये गोल, खोल खड्डे कोरलेले दिसतात. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले दगड-गोटे हजारो वर्षं गरागरा फिरत राहिले आणि त्यांनी खडक पोखरला. बघण्यासारखी जागा आहे यात शंका नाही, पण पाच वर्षांच्या आतलं मूल सोबत असेल तर मी ती गाळेन. काठ गुळगुळीत आहेत, कठडे नाहीत आणि खळग्यातलं पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं. मोठी मुलं असतील तर डिसेंबर ते मे, पाणी कमी असताना जा आणि हात सोडू नका. पावसाळ्यात पात्रात उतरूच नका.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका. एक निवडा आणि दुपारी तीन-चारपर्यंत छत्रपती संभाजीनगर गाठा. संध्याकाळ हॉटेलात, पाय पसरून.

दुसरा दिवस आणि तिसऱ्याची सकाळ: लोणार

संभाजीनगरहून जालना, सिंदखेडराजा करत लोणार दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव, लखुजी जाधवांचा वाडा रस्त्यालगतच आहे. अर्धा तास थांबा. मुलांनी शाळेत वाचलेलं असतं आणि समोर वाड्याची भिंत दिसली की तीच प्रश्न विचारायला लागतात.

लोणारला राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत, आधी ठरवून ठेवा. दुपारी पोहोचून जेवा, झोपा आणि चारनंतर गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा तिथलीच. नंतर सरोवराच्या काठावर जाऊन वरून नुसतं बघा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं जवळजवळ पूर्ण गोल विवर, आत उताराचं जंगल आणि तळाशी हिरवट पाणी. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघाताने तयार झालेली अशी विवरं जगात फार थोडी आहेत. आघाताच्या प्रचंड दाबाने खडकातल्या खनिजाची काच झाली, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती इथे सापडली आणि हा ज्वालामुखीचा खड्डा नसून आघातविवर आहे, हे पक्कं झालं. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. क्षार वाढल्यावर बहरणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला.

खाली उतरायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. गोमुखाच्या बाजूने पायवाट जाते. स्थानिक गाइड नक्की घ्या, कारण वाटा फुटतात, आणि पाणी वाढलेलं असेल तर काठची वाट बंद असते, ते त्यालाच ठाऊक असतं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच थांबावं. गोमुखापाशी गोड्या पाण्याची धार आहे, सावली आहे, त्यांचा वेळ चांगला जातो. उतरणं सोपं वाटतं, चढताना दम लागतो, म्हणून प्रत्येकाकडे पाण्याची आपापली बाटली हवी. खाऊ मात्र पिशवीच्या तळाशी ठेवा, वानरं हातातलं हिसकतात.

खाली गेल्यावर मुलांसाठी एक प्रयोग घरूनच तयार करून न्या. पांढऱ्या टिश्यू पेपरवर हळदीचं पाणी चोळून तो वाळवून ठेवायचा. काठाशी जाऊन त्याचं एक टोक सरोवराच्या पाण्यात बुडवलं की पिवळा कागद बघता बघता विटकरी लाल होतो. हे पाणी अतिशय अल्कधर्मी आहे आणि हळद अल्कात लाल होते. मग वर येऊन त्याच कागदाचं कोरडं टोक गोमुखाच्या पाण्यात बुडवून बघा, काही होत नाही. एकाच विवरात दोन तऱ्हेचं पाणी कसं, हा प्रश्न मुलं मग पुढचे शंभर किलोमीटर सोडत नाहीत. एक लोहचुंबकही न्या. काठच्या मातीतून फिरवला की काळे कण चिकटतात. कागद आणि पिशव्या परत आणायच्या, दगड उचलून आणायचे नाहीत. लोणार हे अभयारण्य आहे आणि तिथला प्रत्येक खडा तिथेच राहायला हवा.

समृद्धीवरचे तास

लोणारहून दहा-साडेदहाला निघून मेहकरला समृद्धी महामार्गावर चढा. वर्ध्याजवळ उतरून जाम, वरोरामार्गे मोहर्ली. सगळे मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, थांबत गेलं की सात तास. 701 किलोमीटरचा हा रस्ता 2025 पासून मुंबईपर्यंत पूर्ण खुला आहे आणि गाडी चालवायला इतका सोपा आहे की तोच त्याचा धोका आहे. वळण नाही, सिग्नल नाही, समोर बैलगाडी नाही. दुपारच्या जेवणानंतर डोळे उघडे राहतात, पण मेंदू पेंगतो. 2023 च्या जुलैत सिंदखेडराजाजवळ मध्यरात्री खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि 25 माणसं गेली. रात्री हा रस्ता कुटुंबाला घेऊन पार करू नका, कितीही मोकळा वाटला तरी.

वेगमर्यादा कारसाठी ताशी 120 आहे. भरलेल्या गाडीने नव्वद-शंभर पुरेत. दर दीड तासाला थांबा, पण रस्त्याच्या कडेला नाही. कडेला उभ्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात या रस्त्यावर होतात. विश्रांतीच्या जागा आणि पंप एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा लोणार सोडण्याआधी टाकी भरा आणि मुलांना ‘आत्ता लागली नसली तरी जाऊन ये’ असं सांगा. गाडी बंद पडलीच तर सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि 112 ला फोन करायचा.

वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन वाटेवरच आहे. वेळ असेल तर थांबा, पण उजेड असेपर्यंत मोहर्ली गाठायची हे विसरू नका. भद्रावतीपुढचा रस्ता जंगलालगत जातो. संध्याकाळी सांबर, रानडुक्कर, कधी अस्वलही रस्ता ओलांडतं. तिथे ताशी तीस-चाळीस, हॉर्न नाही, लांबचा दिवा जपून.

जंगलात

एका कुटुंबाला दोन सफारी पुरे: एक सकाळची, एक दुपारची, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. सलग चार केल्या तर मुलं कंटाळतात आणि मोठ्यांच्या कंबरा धरतात. जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाइड आणि चालक. सर्वांत मागची सीट सर्वांत जास्त उडते, त्यामुळे आजी-आजोबांना पुढच्या रांगेत बसवा. ज्यांच्या मणक्याचं दुखणं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये.

कपडे खाकी, मातकट, शेवाळी. पांढरा आणि भडक लाल नको. हिवाळ्यात पहाटेच्या उघड्या जिप्सीत वारा हाडांपर्यंत जातो: स्वेटर, कानटोपी, मोजे आणि मुलांच्या पायांवर टाकायला एक पातळ चादर. ऊन चढलं की धूळ, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात ओढणी किंवा रुमाल. अत्तर, सेंट लावू नका. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा. त्यामुळे फोटो हवे असतील तर कॅमेरा लागेल. माझं मत विचाराल तर आठ गुणिले बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) एक चांगली दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगाची. शौचालयं आत ठरावीक ठिकाणीच आहेत, निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या.

गेटमधून आत गेल्यावर गाइडला ‘वाघ दाखवा’ म्हणू नका. ‘आम्हाला घाई नाही, सगळं दाखवा’ असं म्हणा. एवढ्या एका वाक्याने सफारी बदलते. मग तो थांबतो, झाडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवतो, सर्पगरुड दाखवतो, रस्त्याकडेचे गोंडराजांच्या काळचे दगडी खांब दाखवतो. ताडोबा तलावाच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात, आणि लहान मुलांना त्या बऱ्याचदा वाघापेक्षा जास्त आवडतात. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर नशीबच समजा.

मुलांना आदल्या रात्री एवढंच शिकवून ठेवा: कान कसे लावायचे. वाघ किंवा बिबट हालला की वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण आवाज काढतं आणि सांबर घुमणारा ‘पोंक’ देतं. वानर कधी कधी उगाच ओरडतं, पण सांबर सहसा खोटं बोलत नाही. आवाज आला की चालक इंजिन बंद करतो. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं कुणी हलायचं नाही, वेफरचं पाकीट उघडायचं नाही. वाट बघण्याचा हा भाग मुलं जन्मभर विसरत नाहीत, पुढे झुडपातून कुणी बाहेर येवो न येवो.

वाघ समोर आलाच, तर चालकाला पुढे घ्यायला सांगू नका. पैसे तर अजिबात दाखवू नका. 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून जिप्सींनी घेरले गेले. त्याची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडवर कारवाई झाली. तिथे आग्रह पर्यटकांचा असतो आणि रोजगार गावकऱ्यांचा जातो. दुसरी गाडी वाट अडवत असेल तर गाइडला हळू आवाजात सांगा, परत आल्यावर गेटवर कळवा. एवढं केलंत तर त्या जंगलावर उपकार होतील.

दुपारच्या मोकळ्या वेळी गावात जेवा. विदर्भातलं जेवण तिखट असतं, ऑर्डर देतानाच ‘लेकरांसाठी कमी तिखट’ म्हणून सांगा. पाटोडी, म्हणजे रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या, मिळाली तर सोडू नका. मुलांना वरण-भात आणि तूप सगळीकडे मिळतं.

परतताना

आलेल्याच मार्गाने, पण लोणारला न थांबता, पहिल्या दिवशी संभाजीनगरपर्यंत या. सकाळची सफारी करून त्याच दिवशी निघायचा मोह टाळा. पहाटे चारला उठलेला ड्रायव्हर संध्याकाळी समृद्धीवर नको. शेवटच्या दिवशी, डिसेंबर ते फेब्रुवारी असेल तर, संभाजीनगरहून पैठणकडे वळून जायकवाडीच्या नाथसागराचा काठ गाठा. स्थलांतरित बदकं हजारोंनी उतरलेली असतात आणि पाणी उथळ असलेल्या बाजूला रोहित पक्षीही मिळू शकतात. कुठल्या बाजूला आहेत हे दर आठवड्याला बदलतं, गावातल्या मच्छीमारांना विचारा, ते अचूक सांगतात. नऊ-साडेनऊपर्यंत पक्षी बघून पैठणहून शेवगाव, अहिल्यानगरमार्गे निघालात तर पुण्याच्या संध्याकाळच्या वाहतुकीत अडकण्याआधी वाघोली ओलांडता येते.